कोमट पाक

माझे वडील, आमचे आबा, गुळव्या होते. ज्यांनी गुऱ्हाळ फक्त रस प्यायलाच पाहिलंय त्यांना सांगते, उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठाल्या कढईत, आटत आटत गुळाला येतो, तो नेमका कुठल्या क्षणी आला हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. त्याच्याकडे ना घड्याळ, ना मोजायचं काही यंत्र. नाकाने वास घ्यायचा, डोळ्यांनी बुडबुडा बघायचा, कानाने काहिलीचा आवाज ऐकायचा. आणि शेवटी हात. त्याच्या डाव्या अंगाला गार पाण्याची बादली असते. तिच्यात उजवा हात मनगटापर्यंत बुडवायचा, तसाच ओला हात उकळत्या पाकाला लावून चिमूटभर पाक उचलायचा आणि पापणी लवायच्या आत परत पाण्यात न्यायचा. पाण्यातच त्याची गोळी वळायची आणि पत्र्यावर टाकायची. गोळी खणकन वाजली की गुळव्या ओरडतो, "उतरवा!" मग आठ माणसं धावतात आणि काहील वाफ्यात, गूळ निवायच्या चौकोनी हौदात, ओततात.

उंब्रजच्या आसपासच्या पाच-सहा गुऱ्हाळांत आबांच्या शब्दाशिवाय काहील हलत नसे. आबांच्या हातावर भाजल्याचा एकही डाग नव्हता. आम्ही लहान असताना तो हात बघायला पोरं यायची.

नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं झाली असतील. मी तेव्हा सांगलीत बालवाडीची बाई होते. माघ महिन्यात एका दुपारी शेजारच्यांच्या फोनवर भावाचा फोन आला. उंब्रजच्या एसटीडी बूथवरून बोलत होता. मीटर पळतोय म्हणून नेहमी घाई करणारा माझा भाऊ त्या दिवशी गप्पच होता. मीच दोनदा "हॅलो, हॅलो" केलं.

"आबांनी बादलीत हात घातला," तो म्हणाला, "आन् तसंच हुबं ऱ्हायलं."

"म्हणजे?"

"हुबंच ऱ्हायलं, आक्का. हात पाण्यात. पाण्याकडं बघत. म्होरं काय करायचं त्येच ठावं न्हाई असं. चुलवाणावरचा गडी वरडला, मालक वरडलं. न्हाईच. काहील करपली."

फोन ठेवल्यावर शेजारच्या काकूंनी चहा पुढे केला, तो मी घेतला की नाही तेही आठवत नाही. कारण मला आठवत होते ते माझे थोरले चुलते. तेही असेच सुरुवातीला उभे राहायचे. गोठ्याच्या दारात, विहिरीच्या काठावर. मग एक दिवस हायवेवरच्या एसटी थांब्यावर सापडले, अंगात सदरा नाही, आणि ज्या गाडीची वाट बघत होते ती गाडी बंद होऊन वीस वर्षं झालेली. लोक म्हणाले, म्हातारचळ लागला. शेवटी शेवटी ते स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणत. मी तेव्हा कॉलेजात होते. त्यांना जेवू घालायला मी कधी गेले नाही. भीतीच वाटायची, खरं सांगते.

माझा स्वभाव मुळात भित्रा, आणि भित्री माणसं असतात तशी मी तापट. भावाला तिथल्या तिथे झापलं, आधी का नाही कळवलं म्हणून. आईला झापलं, तुझ्या लक्षात कसं आलं नाही म्हणून. आई शांतपणे म्हणाली, "आलं व्हतं की. मीठ दोनदा मागायचं. तुला सांगून तू काय करणार व्हतीस? असंच वरडणार व्हतीस."

मी आबांना घेऊन सांगलीला आले. डॉक्टर वयाने माझ्याएवढेच, बोलायला मऊ. त्यांनी आबांना वार विचारला. आबा म्हणाले, "बाजारचा." महिना विचारला, तर आबा माझ्याकडे बघून हसले, वर्गातलं पोर शेजारच्याच्या पाटीकडे बघतं तसे. मला रडू आवरेना. तेवढ्यात दवाखान्यातल्या मावशींनी चहा आणला. आबांनी कप नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"दूध लागलंय," ते म्हणाले.

डॉक्टर प्यायले, मी प्यायले. आम्हाला काही लागल्याचं कळलं नाही. मावशी मात्र दारातच थबकल्या. म्हणाल्या, "व्हय वो डॉक्टर, बुडाला जरा लागलं व्हतं. वरचं वरचं वतलंय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग बराच वेळ ते माझ्याशी बोलले. यावर बरं करणारं औषध नाही, आणि थांबेल असा शब्दही देत नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. पण मेंदूला रोज काम मिळालं पाहिजे, म्हणाले, आणि ते काम नुसतं आठवा-आठवीचं नको. वास, चव, स्पर्श, आवाज, या वाटा यांच्या अजून उघड्या आहेत. त्या वाटांनी रोज काहीतरी आत जाऊ द्या. ज्यात त्यांचा हातखंडा आहे तिथून सुरू करा. कदाचित घसरण हळू होईल. आणि जाता जाता मला म्हणाले, "तुम्हीही करा त्यांच्याबरोबर. चुलत्यांनाही होतं म्हणालात ना, हे घराण्यात असेल तर आधीपासून केलेलं बरं."

हे शेवटचं वाक्य ते सहज बोलले. मी ते घरी घेऊन आले आणि त्याच्यासोबत जगायला लागले. किल्ली सापडली नाही की शेवटची कुठे ठेवली ते आठवत मी घरभर फिरायची. वर्गातल्या एखाद्या पोराचं नाव जिभेवर आलं नाही की मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची, ते आठवेपर्यंत.

आबा सांगलीतच राहिले. उन्हाळा आणि अख्खा पावसाळा. गुऱ्हाळं दिवाळीनंतर लागतात. मी मनाशी ठरवून टाकलं की त्याच्या आत आबांना परत काहिलीपाशी उभं करायचं. ते एक जमलं म्हणजे चुलत्यांसारखं होणार नाही, आबांचंही नाही आणि माझंही नाही, असं मी धरूनच चालले. कोणी मला सांगितलं नव्हतं. भ्यालेल्या माणसाला असला काहीतरी हिशेब लागतोच.

बालवाडीत आमच्याकडे एक कापडी पिशवी होती. पोरांनी डोळे मिटून आत हात घालायचा आणि लागेल ती वस्तू ओळखायची. ती पिशवी मी घरी आणली. चिंचोका, शिंपला, भोवरा, लाकडी ठोकळा, कुलूप. आबांनी पहिल्या दिवशी पिशवी बाजूला सारली.

"मी काय तुझ्या बालवाडीतला हाय व्हय गं?"

"तिथली पोरं तुमच्यापेक्षा शहाणी आहेत. सांगितलेलं ऐकतात."

"त्यास्नी तू मारत असशील."

"तुम्हालाही मारीन."

हसले, आणि हात घातला. चिंचोका चटकन ओळखला. कुलपाचं नाव येईना. "ते गं, दाराला घालत्यात ते," म्हणाले आणि कपाळाला आठ्या घालून बसले. वस्तू हाताला कळत होती, तिचं नाव तेवढं हरवलं होतं. मी फरशीवर खडूने रेघा मारत असे, बरोबर किती, चूक किती. आबा झोपले की मीही डोळे मिटून पिशवीत हात घालायची. वस्तू माझ्याच, मीच भरलेल्या. तरी प्रत्येकीचं नाव मोठ्याने म्हणून बघायची.

नंतर मी मसाल्याच्या डब्यातून वास द्यायला लागले. मेथ्या, जिरं, दगडफूल. सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजायला लावायची. दळणाच्या पिठात हात घालून जाड की बारीक ते सांगायला लावायची. कधी जमायचं, कधी ते चिडून गॅलरीत जाऊन बसायचे. पण गूळ पुढे केला की माणूसच बदलायचा. मार्केट यार्डातून मी चार ठिकाणच्या गुळाचे खडे आणायची. आबा खडा मोडायचे, त्याचा आवाज ऐकायचे, जिभेवर ठेवायचे. "ह्यो नदीकाठच्या मळीच्या रानातला. खारट लागतोय बघ. ह्येच्यात चुना लय पडलाय. आन् ह्यो, ह्यो गुळव्या झोपला व्हता." एकदाही चुकले नाहीत. मार्केटमधल्या दुकानदाराला मी मुद्दाम विचारून यायची, आणि घरी येताना रिक्षात एकटीच हसायची.

मग मला पाकाची कल्पना सुचली. घरात, गॅसवर, पातेल्यात. मार्केटमधून काकवी आणायची, ती आटवायची आणि आबांनी बोटाने बघून सांगायचं, कच्चा, की आला, की गेला. डॉक्टर म्हणाले होतेच, हातखंडा आहे तिथून. मला स्वतःचाच अभिमान वाटला. पण उकळतं पातेलं आबांच्या समोर ठेवायला माझा हात धजेना. बादलीत हात घालून उभा राहिलेला तो माणूस मी पाहिला नव्हता, तरी रोज दिसायचा. उद्या पाकात हात घालून तसेच उभे राहिले तर? म्हणून मी पातेलं उतरवायची, ताटलीने झाकून ठेवायची, आणि लेकराच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं आधी माझं बोट घालून बघायची. कोमट झाला की मग आबांना हाक मारायची.

आबा बसले की त्यांचा उजवा हात आधी डावीकडे जायचा. पाणी शोधायचा. पहिले काही दिवस मी तांब्या भरून ठेवला. पण पाणी सगळीकडे सांडायचं, फरशी ओली व्हायची, आणि त्या वयात पाय घसरून खुबा मोडला तर काय होतं ते आमच्या गल्लीत मी पाहिलं होतं. मी तांब्या उचलून ठेवला.

"पाणी?" आबा म्हणायचे.

"पाणी कशाला, आबा. पाक गार आहे. बघा तरी."

ते भीत भीत बोट लावायचे. माझ्याकडे बघायचे. "गारच हाय की गं."

हे संभाषण आमचं रोज व्हायचं. अगदी रोज, शब्द न बदलता. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. पाक बोटात धरून, ताणून, नाकाशी नेऊन ते बरोबर सांगायचे. आणि श्रावणात कधीतरी माझ्या लक्षात आलं की आबांचा हात आता पाणी शोधत नाही. आले, बसले, सरळ पातेल्यात बोटं. मी त्या दिवशी शिरा केला. डॉक्टरांकडे गेले तेव्हा न विचारता सांगितलं, "आबा नवीन गोष्ट शिकले, डॉक्टर. रोजच्या सवयीने शिकले." डॉक्टरही खूश झाले. कुठली गोष्ट ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही खोलात गेले नाही. मी आणि आबा बाहेर पडलो तेव्हा आबांनी रस्त्यावरच्या भट्टीचा वास घेऊन शेंगदाणे भाजतायत म्हणून सांगितलं, आणि मी त्यांना पुडी घेऊन दिली. इतका सुखाचा दिवस त्या वर्षात दुसरा नव्हता.

दिवाळी झाली. उंब्रजला गेलो. गुऱ्हाळाचे मालक आबांच्या वयाचे, लहानपणापासूनचे सोबती. आधी तयार नव्हते. "पोरी, काहील म्हंजी खेळ न्हाई," म्हणाले. मी वाद घातला. गुळाचे खडे पुढे ठेवले, आबांकडून ओळखून घेतले. कुठलं रान, कुठला गुळव्या, सगळं. मालकांचे डोळे भरून आले. आबांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "गड्या, तू हायस की रं अजून!" आणि मला म्हणाले, "बरं. उद्या सकाळची पैली काहील. पर मी बाजूला हुबा ऱ्हानार."

आईला मात्र ते पटलं नव्हतं. ती रात्रभर कुशीवर वळत होती. सकाळी तिने आबांना धुतलेला सदरा घातला आणि मला एवढंच म्हणाली, "तू बरूबर ऱ्हा."

मी बरोबरच होते. दहा पावलांवर. जवळ गेले तर आबांना अवघडल्यासारखं होईल, म्हणून मुद्दाम लांब. चुलवाणात चिपाडं चांगली पेटली होती. भेंडीचं पाणी टाकून रसावर आलेली मळी काढून झाली होती, आणि रस पिवळा होऊन वर चढत होता. आबा काहिलीपाशी उभे राहिले, आणि त्यांची पाठच बदलली. नऊ महिन्यांत मी त्यांना इतकं ताठ पाहिलं नव्हतं. त्यांनी वास घेतला. मान तिरकी करून ऐकलं. चुलवाणावरच्या गड्याला हातानेच जाळ कमी करायला सांगितलं. मालकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मी देवाचे आभार मानत होते, हे मला नीट आठवतंय, कारण त्या वेळी मी काहिलीकडे बघत नव्हते, डोळे मिटले होते.

उघडले तेव्हा आबा पुढे वाकले होते. बादली त्यांच्या डाव्या हाताला, काठोकाठ भरलेली. उजवा हात तिकडे गेलाच नाही.

मला ओरडता आलं नाही. मला वाटतं, कळलं ते त्याच क्षणी, सगळंच्या सगळं, आणि त्यानेच माझी वाचा बसली. कोरडा हात सरळ पाकात गेला. तीन बोटं आणि अंगठा. मालक "आरं आरं आरं" करत धावले. आबांनी हात वर काढला, आणि ते ओरडले नाहीत. सवयीने गोळी वळायला लागले. पाक कातडीला चिकटलेला, त्यातच बोटं फिरत होती. चेहऱ्यावर दुखण्याच्या आधी नवल आलं होतं. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कुणाला सांगू शकणार नाही.

मालकांनी त्यांचा हात धरून बादलीत खुपसला. कोणी शाई आणा म्हणालं, कोणी कोरफड. मी नुसती उभी. काहील कोणी उतरवली, गूळ झाला की करपला, मला ठाऊक नाही. मालकांच्या जीपमधून कराडला दवाखान्यात नेलं. पट्टी बांधून झाली, सुई टोचून झाली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, बोटं वाचतील, पण कातडी पूर्वीसारखी होणार नाही.

परत येताना जीपमध्ये मागे मी आणि आबा दोघंच होतो. पुढे मालक. मालकांनी मध्येच एकदा मागे वळून म्हटलं, "पोरी, तू जिवाला लावून घिऊ नगंस. डोस्कंच जाग्यावर न्हाई त्येचं. इसरला पाणी. तुजा काय दोष?" मी मान हलवली. पुढे घरी भाऊ तेच म्हणाला, आई म्हणाली नाही पण तिनेही तेच धरलं. विसरले. सगळ्यांना ते पटलं, आणि मी सगळ्यांना ते पटू दिलं. आजवर.

पण मालक पुढे वळल्यावर आबांनी पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघितलं होतं. त्या वर्षात मला ते कधी बाई म्हणत, कधी माझ्या आईच्या नावाने हाक मारत. त्या दिवशी त्यांना मी कोण ते स्पष्ट कळत होतं. त्यांनी माझं घरातलं लाडाचं नाव घेतलं. मी अकरा वर्षांची असल्यापासून त्या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती.

"पाक गरम कसा गं झाला?" त्यांनी विचारलं. "गार असतोय न्हवं? तूच सांगितलंवतंस. सांगलीत. रोज."

त्यांना सगळं आठवत होतं.